पट्टी खालून वर

४ मार्च, सोमवार

हॉस्पिटलातल्या पट्टीवाल्या बाईंनी ही वही घ्यायला लावली. म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा, उजव्याच हाताने, कोपर उशीवर ठेवून. बोटं हलती राहतील. मी म्हटलं, मी मटणाचं दुकान चालवते, मला लिहायला काय असणार? त्या म्हणाल्या, "राग आला तर तो लिहा." म्हणजे वही महिन्यात भरणार.

तर लिहिते. दोन वर्षांपूर्वी उजव्या बाजूला स्तनाचा कॅन्सर निघाला. स्तन काढला, काखेतल्या सतरा गाठी काढल्या, वरून किरणांनी भाजून काढलं. त्यातून उठले. आठ महिन्यांनी हात भरायला लागला. काखेतल्या गाठी गेल्या म्हणजे हातातलं पाणी वर नेणारी मोरी बुजली, असं डॉक्टरांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. आमचे शिंपीबुवा, म्हणजे नवरा, यांनी कपडे मोजायच्या टेपने मोजलं. डावा दंड एकतीस सेंटिमीटर, उजवा एकेचाळीस. म्हणाले, "दोन वेगळ्या बायकांचे हात वाटतात," आणि हसले. हल्ली हसतात.

सत्तूर उचलत नाही. ज्या हाताने मांडीचं हाड एका घावात दोन व्हायचं, त्याने आज ब्लाउजचा हूक लागत नाही. मला याचा किती संताप येतो ते या वहीला कळायचं नाही.

७ मार्च

सर्जनबाईंकडे गेलो. मी, शिंपीबुवा आणि पोरगी. पोरगी एकोणीस वर्षांची आहे, तोंडात मूग धरून बसते. बाईंनी बोटांच्या बेचक्यात हिरवा रंग टोचला आणि एका कॅमेऱ्यातून हात पाहिला. पाणी नेणाऱ्या तीन-चार वाहिन्या अजून जिवंत आहेत म्हणाल्या. त्या वाहिन्या शेजारच्या रक्ताच्या शिरांना जोडून द्यायच्या, केसाहून बारीक दोऱ्याने. पण आधी सूज उतरली पाहिजे. सहा आठवडे रोज पट्ट्या बांधायच्या आणि जोडीला मानेत मज्जातंतूंच्या गाठीजवळ तीन इंजेक्शनं. दंड छत्तीसच्या खाली आला तर ऑपरेशन. नाही आला तर पाण्याची चरबी होऊन बसते, मग जोडायला काही उरत नाही.

शिंपीबुवांनी विचारलं, "ऑपरेशननंतर हातात जोर किती येईल?"

"नीट झालं तर जवळजवळ पूर्वीइतका."

ते खाली बघायला लागले. पोरगी म्हणाली, "नाही केलं तर जिवाला धोका आहे का?"

"जिवाला नाही."

पोरगीही खाली बघायला लागली. सर्जनबाईंना वाटलं असेल ही माणसं मयताला आलीत. घरी आल्यावर मी बोलले, की गळ्याशी आल्याशिवाय तुम्हाला काही करायचंच नसतं. एक पेला भिंतीवर फोडला. डाव्या हाताने फेकला तरी चांगला फुटला.

१० मार्च

पट्टीवाल्या बाईंनी पोरगीला बांधायला शिकवलं. आधी एकेक बोट पातळ पट्टीने, मग कापसाची गादी, मग जाड पट्ट्या, तळहातापासून काखेपर्यंत. पट्टी खालून वर जाते. मनगटाशी घट्ट, वर चढेल तशी सैल, म्हणजे पाणी वर सरकतं. पोरगीने त्यांच्याच हातावर बांधून दाखवलं. बाई म्हणाल्या, "वा, हात आहे तुला." मला बरं वाटलं. माझीच आहे शेवटी.

१५ मार्च

आज जाड्याला अर्ध्या किलोचं वजन फेकून मारलं. जाड्या वीस वर्षं माझ्याकडे कापतो, आणि अजून हाडाचा चुरा करतो. गिऱ्हाइकाच्या दाताखाली कणी आली की शिव्या मला. डाव्या हाताला नेम नाही. वजन समोरच्या काचेला लागलं. जाड्या वाकलासुद्धा नाही, "मालकीणबाई, काच नवी होती," एवढंच म्हणाला. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस माझा खांदा हलला की मटण तोडायच्या ओंडक्यामागे जायचा. माणसाचा धाक हातात असतो, तोंडात नसतो.

मला तोडणं शिकवलं ते बाबांनी, थपडा मारून. कातडी वाकडी निघाली की कानाखाली. मी काही बिघडले नाही. उलट या बाजारात बाईमाणसाने दुकान चालवलं ते कशाच्या जोरावर? शिंपीबुवा डाव्या कानाने कमी ऐकतात, लग्नाच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडून जरा जास्त लागलं तेव्हापासून. पण त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. नवरा देव आहे.

एक चांगली गोष्ट लिहायची राहिली. जेवताना दोघंही हल्ली माझ्या उजव्या बाजूला बसतात. पूर्वी डावीकडे बसायचे, तेही खुर्ची लांब ओढून. आजारपण माणसांना जवळ आणतं म्हणतात ते खोटं नाही.

२३ मार्च

पहिलं इंजेक्शन. भूलवाल्या डॉक्टरांनी मान मागे कलवून, मशीनवर आतलं बघत गळ्याच्या कडेला सुई घातली. पाच मिनिटांत उजवी पापणी खाली उतरली, आवाज बसला आणि हात कोमट झाला, उन्हात ठेवल्यासारखा. दुखणं निम्मं झालं. औषध लागू पडल्याची ही खूण आहे म्हणाले, संध्याकाळपर्यंत पापणी आणि आवाज जागेवर येईल.

घरी आले तर तोंडातून नुसती हवा. शिंपीबुवा मशीनवर शिवत होते, पोरगी भांडी घासत काहीतरी गुणगुणत होती. तिला गाता येतं हे मला माहीत नव्हतं. चहा थंड दिला म्हणून ओरडायला गेले तर फुसकन आवाज आला. दोघंही हसले. मीही हसले, दुसरं करते काय. संध्याकाळी आवाज परत आला तसं गुणगुणणं बंद पडलं.

३ एप्रिल

बेचाळीस. एवढा आटापिटा करून एक सेंटिमीटर वाढला. बोटं फुगून वांगी झालीत. काखेखाली पट्टीचा खोल वळ उठतो. पट्टीवाल्या बाई बुचकळ्यात पडल्या. पोरगीला तिसऱ्यांदा विचारलं, "खाली घट्ट, वर सैल, लक्षात आहे ना?" ती म्हणाली, "आहे."

घरी आल्यावर मी तिला डाव्या हाताची एक ठेवून दिली. हलगर्जी कार्टी. ती जागची हललीसुद्धा नाही, माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "हात पुढे कर, पट्टी सैल झालीय." डाव्या हाताची थप्पड म्हणजे कौतुकच असतं, त्याचं तिला काय.

तीन आठवडे उरलेत. छत्तीसच्या खाली नाही आलं तर मी जन्मभर गल्लीतल्या म्हाताऱ्यांसारखी दुकानाच्या खुर्चीत बसून जाड्याचा चुरा बघणार. त्यापेक्षा मेलेलं परवडलं.

१३ एप्रिल

रविवारी राहवलं नाही. दुकानात गेले आणि डाव्या हाताने बरगड्या तोडायला घेतल्या. हाडाची कणी उडून उजव्या हाताच्या पाठीला लागली. मोहरीएवढी जखम. चार तासांत हात लालभडक, थंडी वाजून ताप, दात कडाकडा वाजायला लागले. तीन दिवस हॉस्पिटलात सलाईनवर होते. या हातात किडा शिरला की बाहेर काढणारं कोणी नाही, असं सर्जनबाईंनी चांगलंच झापलं. मला झापणारी बाई पहिल्यांदाच भेटली. आवडली.

ताप उतरल्यावर पट्टीवाल्या बाईंनी स्वतः पट्ट्या बांधल्या, दोन दिवस सलग. आज मोजलं तर साडेअडतीस. बाई टेपकडे आणि मग पोरगीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "उद्यापासून रोज माझ्याकडेच या. घरी बांधू नका." पोरगीचं तोंड पांढरं पडलं. तिला वाईट वाटलं असणार, एवढे दिवस राबली होती.

२७ एप्रिल

साडेपस्तीस! दोन इंजेक्शनं झाली, तिसरं ऑपरेशननंतर. सहा मेची तारीख मिळाली. मी पेढ्याच्या दुकानावरून मुद्दाम चालत आले, एकटीच पावशेर खाल्ले. शिंपीबुवांना सांगितलं तेव्हा त्यांच्या बोटात सुई घुसली. तीस वर्षं शिवणारा माणूस.

७ मे

काल झालं. खांद्याजवळ सुई देऊन अख्खा हात बधिर केला, मी मात्र जागी. हात शेजारी पडला होता, ओंडक्यावर ठेवलेल्या मांडीसारखा. मी एवढी हाडं फोडली, पण स्वतःचं मांस असं परकं होऊन पडलेलं पाहिल्यावर मी तोंड भिंतीकडे फिरवलं. सर्जनबाई पाच तास भिंगातून बघत शिवत होत्या. मनगटावर आणि कोपराखाली मिळून तीन जोड दिले. म्हणाल्या, "हे जोड कोळ्याच्या जाळ्याएवढे नाजूक आहेत. महिनाभर कोणी हा हात आवळायचा नाही, आणि तीन महिने तुम्ही कशावर आपटायचा नाही."

दुपारी खोलीत आणलं तेव्हा हात मेलेलाच होता. माझा डोळा लागत होता. मध्येच पाहिलं तर पोरगी हात मांडीवर घेऊन, दंडाशी वाकून बसली होती. दातांखाली ओठ, बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेली. दाबून देत असेल म्हटलं. मग ती उठून मोरीत गेली, ओकारीचा आवाज आला. हॉस्पिटलचा वास सगळ्यांना सोसत नाही.

आज सकाळी नर्सने विचारलं, दंडावर ही चार नखं कुणाची? चार अर्धे चंद्र, एकातून रक्त आलेलं. मी म्हटलं, ऑपरेशनच्या चिमट्यांची असतील. ती म्हणाली, "चिमटे तिथे नव्हते." तिने मलम लावलं.

१२ जून

चौतीस. तिसरं इंजेक्शनही झालं. महिना झाला म्हणून बाईंनी परत पट्ट्या सुरू केल्या. पोरगीला समोर बसवून म्हणाल्या, "बांध, मी बघते." पोरगीने बोटांपासून काखेपर्यंत अशी बांधली की बाईंनी दोन ठिकाणी बोट घालून पाहिलं तरी चूक सापडली नाही. मग मला बाहेर बसवून आत तिच्याशी बराच वेळ बोलत होत्या. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले. मी विचारलं तर म्हणाली, "बाईंनी शिकायला बोलावलंय. त्यांच्याकडे काम."

बघा, मार खाल्ला की माणूस सुधारतं. एप्रिलमध्ये जे येत नव्हतं ते जूनमध्ये आलं. पण काम वगैरे काही नाही. दुकान कोण बघणार?

८ जुलै

बत्तीस! डाव्यापेक्षा फक्त एक जास्त. आज पहाटे दुकानात गेले, जाड्याला म्हटलं, सरक. सत्तूर उचलला. खांद्यापाशी अडला, पण वर गेला. घाव घातला. हाड एका दणक्यात दोन, चुरा नाही, कड आरशासारखी. मी एकामागून एक तोडत सुटले. चार मांड्या, दोन पाठी. रक्त तोंडावर उडत होतं आणि मी हसत होते. दोन वर्षांचं सगळं त्या ओंडक्यावर काढलं. सर्जनबाईंना कळलं तर फाडून खातील. गिऱ्हाइकं बघत उभी होती. जाड्या ओंडक्यामागे जाऊन उभा राहिला.

घरी जेवायला बसले तर दोन्ही खुर्च्या डावीकडे. विचारलं तर पोरगी म्हणाली, "तिकडे वारा लागत नाही." पंखा उजवीकडे आहे.

१९ जुलै

हे लिहू नये असं वाटतं. पण वही बाईंनी दिली तेव्हा राग लिहायचं कबूल केलं होतं.

काल पोरगीने जेवताना सांगितलं, सोमवारपासून पट्टीवाल्या बाईंकडे कामाला जाणार. मी म्हटलं, दुकान? ती म्हणाली, "मला कापायचं नाही. मला बांधायचंय." शिंपीबुवा ताटाकडे बघत होते. मला वाटलं, मी या दुकानासाठी हात कापून घ्यायला तयार झाले, आणि ही मला बांधायचंय म्हणते. मी उठले आणि दिली. उजव्या हाताची, खांद्यातून. ती खुर्चीसकट खाली गेली. डोकं ओट्याच्या कडेला लागलं. मी परत हात उचलला.

तो हवेतच अडकला. शिंपीबुवांनी मनगटाखाली धरला होता, अंगठा आत रोवून. पंचवीस वर्षांत त्यांनी मला कधी धरलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो सोडा, तिथे जोड आहेत."

"माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणूनच तिथे धरलाय."

ते आवळत गेले. शिंप्याची बोटं आहेत, कात्री धरून लोखंड झालेली. कळ काखेपर्यंत गेली. मी गुडघ्यावर आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते आवळत होते. मला खरंच भीती वाटली. कुणाची भीती वाटण्याची मला सवय नाही.

पोरगी जमिनीवरून म्हणाली, "बाबा, सोडा तिला." तिच्या भुवईतून रक्त येत होतं. मग माझ्याकडे बघून, ओरडून नाही, साधं सांगावं तसं म्हणाली, "आई, मार्चात पट्ट्या मी मुद्दाम उलट्या बांधत होते. वर घट्ट, खाली सैल. मला पहिल्याच दिवशी येत होतं."

"का?"

"दोन वर्षं तो हात कुणावर पडला नव्हता."

शिंपीबुवा म्हणाले, "मला ठाऊक होतं. रोज टेप मीच लावत होतो." त्यांनी हात सोडला. मनगटावर अंगठ्याचा खड्डा राहिला होता, भरायला कितीतरी वेळ लागला.

माझ्या हाताने एवढं काही करून ठेवलंय असं मला कधी वाटलंच नव्हतं. मारलं की झालं, विषय संपला, असं माझं गणित. त्यांचं कधी संपतच नव्हतं.

आज सकाळी दोघंही माझ्या बहिणीकडे राहायला गेले. शिलाईचं मशीन जाड्याने खाली नेऊन दिलं. माझाच नोकर. मला म्हणाला, "मालकीणबाई, हात आवरा म्हणून मी कधीचं सांगणार होतो, पण माझंही धाडस नव्हतं."

२ ऑगस्ट

तेहतीस. पट्टी मी एकटी बांधते, एक टोक दातात धरून. एका हाताने खाली घट्ट बसत नाही. जेवायला तीन खुर्च्या आहेत, कुठल्याही बाजूला बसता येतं. बहिणीला फोन केला. ती म्हणाली, भुवईला तीन टाके पडले. मी म्हटलं, तिला दे. पोरगी फोनवर आली नाही.

दुकान जाड्या उघडतो. मी जाते आणि खुर्चीत बसते. सत्तूर उचलत नाही. हात उचलतो, मी उचलत नाही. जाड्या चुरा करतो, मी बघते. शिव्या देते, पण जीव नाही त्यांत.

११ ऑगस्ट

आज पट्टीवाल्या बाईंकडे तपासणी होती. मला माहीत होतं पोरगी तिथे असेल, म्हणून तीन वेळा वेळ बदलून घेतली आणि शेवटी गेलेच. निळा झगा घालून ती एका म्हातारीच्या पायाला पट्टी बांधत होती. म्हातारी तिला काहीतरी सांगत हसत होती. भुवईवर टाक्यांची लाल रेघ दिसत होती. मला बघून तिचे हात थांबले, मग परत चालू झाले.

बाईंनी मोजलं. चौतीसला परत आलाय. म्हणाल्या, "रोज नीट बांधला नाही तर जोडांचं काम फुकट जाईल. मी बांधू?"

मी म्हटलं, "तिला वेळ असेल तर तिने."

बाईंनी पोरगीकडे पाहिलं. पोरगीने हात धुतले, खुर्ची ओढली, माझ्या उजव्या बाजूला बसली. मी हात तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "तुला हवी तशी बांध. उलटी बांधलीस तरी मी बोलणार नाही. कुणाला सांगणार नाही." हे मी घरून ठरवून गेले होते. हात जाऊ दे, असं ठरवायला मला तीन आठवडे लागले.

तिने करंगळीपासून सुरुवात केली. एकेक बोट, मग तळहात, मग कापूस. मनगटाशी पट्टी ताणली, चांगली घट्ट. वर चढत गेली तशी सैल करत गेली. मी बघत होते आणि मला रडू येत होतं, ते मी येऊ दिलं. बाई दुसऱ्या खोलीत गेल्या. शेवटचं टोक चिकटवून पोरगी म्हणाली, "उद्या याच वेळेला ये. रोज यावं लागेल."

मी हो म्हटलं. ती खाली वाकून उरलेल्या पट्ट्या गुंडाळत होती. तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवावा असं मला वाटलं, त्या टाक्यांपाशी. मी हात उचलला. बांधलेला, जड, पांढरा हात. खांद्याच्या वर सहज गेला.

पोरगीने डोळे मिटले. मान खांद्यात गेली, हनुवटी छातीला टेकली. पट्टीचा गुंडा हातातून सुटून घरंगळत गेला, तो तिने उचललासुद्धा नाही. तशीच बसून राहिली, थप्पड पडायची वाट बघत.

मी हात खाली घेतला आणि माझ्याच मांडीवर ठेवला. तिने डोळे उघडेपर्यंत तो हलवला नाही.